तपासलेल्या मालावर एक बदाम

चॉकलेटचे ट्रफल बनवण्यात काय आहे हो! वितळवा, ढवळा, थंड करा, वळा. बस्स! हे मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभा राहून, एक हात कमरेवर ठेवून, घरातल्या तिघींना ऐकवलं. आईला, बायकोला आणि लेकीला. लेकीचं म्हणणं होतं, दुकानातूनच आणूया. तिच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या, आणि बदाम-अक्रोड घातलेले ट्रफल म्हणजे त्यांचा जीव की प्राण, अशी पक्की खबर होणाऱ्या जावयाकडून आली होती.

"दुकानातून?" मी म्हणालो. "सगळी नोकरी स्क्रूच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली माझी! एक वाकडा आटा नजरेतून सुटला नाही. तिथे चॉकलेट काय चीज आहे!"

"अहो, पण चॉकलेटला आटे नसतात," बायको म्हणाली.

एक सांगायचं राहिलं. होणाऱ्या विहीणबाई दातांच्या डॉक्टर. लेकीने आम्हाला आधीच घाबरवून ठेवलं होतं, की बाई बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, थेट दातांकडे बघतात आणि दातांवरून घराणं ओळखतात! त्यामुळे बायकोने फर्मान काढलं, "त्या यायच्या आत दोघांचीही तोंडं ठाकठीक झाली पाहिजेत." गल्लीच्या कोपऱ्यावर एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी आमच्या एकेका दाढेवर तात्पुरती कॅप चिकटवली आणि बजावलं, "पक्की बसवायला पुढच्या आठवड्यात या. तोवर चिकट काही खायचं नाही!"

पुढच्या आठवड्यात बायको एका दिवशी गेली, मी दुसऱ्या दिवशी. म्हणजे, मी दारापर्यंत गेलो. आतून त्या यंत्राचा घूंऽऽ आवाज आला आणि पाय आपोआप वळले. बागेत बसून वेळ काढला आणि घरी येऊन सांगितलं, "झालं काम!"

"दुखलं का हो?" बायकोने विचारलं.

"छे! मुंगी चावल्यासारखं."

"मलाही अगदी तसंच," ती म्हणाली आणि लगबगीने कपडे वाळत घालायला गेली.

तर, ट्रफल. ठरलेल्या दिवशी सकाळीच मी एप्रन बांधला. पातेल्यात पाणी, त्यावर काचेचा वाडगा, वाडग्यात चॉकलेट. पहिल्या खेपेला त्यात पाण्याचे दोन थेंब उडाले आणि चॉकलेटचा असा काही दगड झाला की चमचा उभा राहिला तो आडवा होईना! ती खेप मी गुपचूप कचऱ्यात घातली. दुसरी खेप मात्र रेशमासारखी जमली. गरम क्रीम ओतलं, भाजलेल्या सोललेल्या बदामांचे जाड तुकडे घातले, अक्रोड घातले आणि चव बघितली. अहाहा! पुन्हा बघितली. मग खात्री करण्यासाठी तोच चमचा घोळवून पुन्हा एकदा. स्वयंपाकघरात आमची आई नव्हती म्हणून बरं, नाहीतर उष्ट्या चमच्यावरून अर्धा तास गेला असता.

तेवढ्यात बायको आली. "मी बघू?" म्हणून तिनेही एक चमचा तोंडात घातला, चमचा पुन्हा मिश्रणात फिरवला आणि एकदम गप्प झाली. हात गालावर गेला. डोळे मोठे झाले.

"कसं झालंय?" मी ऐटीत विचारलं.

"वा," ती ओठ मिटूनच म्हणाली आणि निघून गेली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातची चव चाखून ही बाई पहिल्यांदाच नि:शब्द झाली होती! मी खूश.

मिश्रण फ्रीजमध्ये घट्ट झालं. मी गोळे वळले, कोको पावडरीत लोळवले, दोन मोठ्या ताटांत रांगा लावल्या. शाबासकी म्हणून स्वतःला एक ग्लास गार पाणी दिलं. पहिला घोट आत गेला आणि डाव्या दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले! जीभ दाढेकडे धावली. कॅप नाही! नुसता खड्डा!

मी ताटांकडे बघितलं. सगळे गोळे शहाण्या मुलांसारखे ओळीत बसले होते. त्यांतल्या एकाच्या पोटात माझी कॅप होती. आता ही कॅप होणाऱ्या विहीणबाईंच्या दाताखाली आली तर? दुसऱ्याची उष्टी कॅप, तीही दातांच्या डॉक्टरच्या तोंडात! लेकीचं लग्न तिथेच बारगळणार होतं. बायकोला सांगावं, तर पहिला प्रश्न येणार, "पक्की बसवली होती ना?"

घाबरायचं नाही, मी स्वतःला म्हणालो. माल तपासायचा! आमच्या कारखान्याचा नियम आहे, तपासलं की खूण. हा नियम मी घरातही असा मुरवलाय की दूध तापवलं की झाकणावर चमचा उपडा पडतो, गॅस बंद केला की नळीपाशी चिमटा लागतो. मी एकेक गोळा फोडायला लागलो. चिवडायचा, कॅप नाही याची खात्री करायची, परत वळायचा आणि वर एक अख्खा बदाम खोचायचा. बदाम म्हणजे तपासलेला माल!

एक रांग झाली नाही तोच आईने हाक मारली. तिचा चष्मा सापडत नव्हता. तो तिच्या कपाळावर होता, पण हे तिला पटवण्यात बराच वेळ गेला. परत आलो तर दोन रांगांवर बदाम! मी चक्रावलो. दोन रांगा मी कधी तपासल्या? असेल बुवा, घाईत झाल्या असतील. पुढे लागलो. मग बायकोने बाहेरून सांगितलं, "अहो, बैठकीतले पडदे सरळ करा ना!" पडदे सरळच होते. तरी ओढून आलो. परत आलो तर आणखी एक रांग बदामांची! आणि बायको ओट्यापाशी, बोटांना कोको लागलेला.

"काय करतेयस?"

"काही नाही! तुम्ही काय करताय?"

"काही नाही!"

आम्ही दोघेही एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मग ती म्हणाली, "दारात कोणीतरी आलंय वाटतं." मी दार उघडून आलो. कोणी नव्हतं. माझं डोकं भणाणून गेलं. मी तपासतोय किती, बदाम लागतायत किती, आणि कॅप तर अजून सापडतच नाही! शेवटी मनाशी ठरवलं की बिनबदामाचं जे एक ताट उरलंय, त्यातच ती असणार. निदान गोंधळ एका ताटापुरता तरी आटोपला.

तेवढ्यात लेक आत आली. मी कपडे बदलायला जाऊन आलो तेवढ्या वेळात तिने काम केलं होतं.

"बाबा, अर्ध्यांवरच काय बदाम? किती विचित्र दिसत होतं! मी सगळ्यांवर लावले आणि एकाच मोठ्या बशीत छान रचून ठेवले!"

आता तपासलेला कोणता आणि न तपासलेला कोणता, हे कसं ओळखायचं! बायकोने मागे दाराची चौकट धरली. बिचारी माझ्या चेहऱ्याकडे बघून घाबरली असावी. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली.

विहीणबाई आल्या. उंच, मोठ्या आवाजाच्या. मागे होणारा जावई, मांजराच्या पावलांनी. "नमस्कार!" बाई म्हणाल्या आणि थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ घट्ट मिटून मान हलवली. बायकोनेही ओठ मिटून मान हलवली.

"प्रवास कसा झाला?" असं विचारायचं होतं. मी "हं?" एवढंच म्हणालो.

मग बशी आली. डोंगरासारखी रचलेली, शेंड्यावर बदाम मिरवणारी.

"अरे वा, ट्रफल!" बाईंनी हात पुढे केला.

"नका खाऊ!" मी आणि बायको एकदम ओरडलो.

लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी सोफ्यात दोन बोटं खाली गेलो.

"म्हणजे, फार गोड झालेत," बायको हाताआडून म्हणाली.

"आणि कडूही," मी घाईने जोडलं.

बाईंनी एक उचललाच. कट्! आवाज आला आणि मी ताडकन उभा राहिलो. बायकोही उभी.

"काय झालं?" जावयाने विचारलं.

"काय लागलं दाताखाली?" मी.

"बदाम," बाई म्हणाल्या. "बदामाचे ट्रफल आहेत ना?"

आम्ही बसलो. आता एकच उपाय उरला होता. बशी शक्य तेवढी आपणच संपवायची! मी एक तोंडात घातला, हलकेच चाचपत चावला, गिळला. दुसरा घातला. बायकोला गोडाचा कंटाळा. पण तीही तोबरा भरून बसली होती. मला गहिवरून आलं. नवरा खातोय म्हणून ही पण खातेय! पलीकडे जावयाच्या तोंडात कट् झालं, मी उभा. बाईंच्या तोंडात कट् झालं, बायको उभी. तेवढ्या वेळात आम्ही इतक्यांदा उठबस केली की आईने विचारलं, "अरे, तुम्हा दोघांना मुंग्या चावतायत का?"

विहीणबाईंनी आपली बशी खाली ठेवली. आवाज एकदम खाली आला होता.

"एक विचारू? मी आल्यापासून तुम्ही दोघं बोलत नाही. हसत तर नाहीच. खाऊ पुढे ठेवता आणि खाऊ नका म्हणता. मी घास घेतला की उठून उभे राहता. हे लग्न तुम्हाला पसंत नसेल तर स्पष्ट सांगा. मी माझ्या मुलाला घेऊन जाते."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई पांढराफटक पडला. मी तोंड उघडलं, पण त्यात दोन ट्रफल होते. बायकोच्या तोंडात किती होते ते तिलाच ठाऊक. हातातोंडाशी आलेलं सगळं आमच्याच तोंडामुळे जाणार, या विचाराने मला रडू यायचं बाकी होतं!

"शी बाई!" कोपऱ्यातून आई म्हणाली. "हा बदाम काही मऊच होत नाही."

आईची कवळी कपाटात असते. तिला उगाच त्रास नको, असं आईचं म्हणणं. त्यामुळे ती चॉकलेट चघळते आणि बदामाचे तुकडे काढून बशीत ठेवते. त्या तुकड्यांमधला एक विहीणबाईंनी चिमटीत उचलला. रुमालाने पुसला. उजेडात धरला.

"हा बदाम नाही. ही कॅप आहे. तात्पुरती. आणि बसवलीयही यथातथाच." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोणाची?"

मी गोळे कसेबसे गिळले. लेकीसाठी एवढं तरी करायलाच हवं होतं.

"माझी!" मी म्हणालो.

"माझी!" बायको म्हणाली. त्याच क्षणी!

माझा ऊर भरून आला. माझा गुन्हा ही माऊली स्वतःच्या अंगावर घेत होती! "अगं, नको," मी म्हणालो. "मीच गेलो नाही पक्की बसवायला. बागेत बसलो होतो."

"अहो, तुम्ही कशाला ओढवून घेताय?" तिचे डोळे भरले. "मीच गेले नाही. मैत्रिणीकडे चहा पीत बसले होते. कॅप पडली म्हणून तर सकाळपासून एकेक गोळा तपासतेय. तपासलं की बदाम लावत होते. तुमचाच नियम!"

"तू बदाम लावत होतीस? मी लावत होतो!"

"आणि उरलेल्यांवर मी लावले," लेक पुटपुटली.

"आ करा," विहीणबाई म्हणाल्या. मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी आधी बायकोच्या तोंडात डोकावलं, कॅप धरून बघितली. "यांचीच. अगदी बरोबर बसते." मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि त्या खो-खो हसायला लागल्या. "म्हणून तुम्ही तोंड उघडत नव्हता होय! आणि मी बापडी समजले, लग्नच नको तुम्हाला! अहो, माझे अर्धे पेशंट असेच पळतात!" हसता हसता त्यांनी बशीतला शेवटचा ट्रफल उचलला आणि तोंडात टाकला.

जावई हसला, लेक हसली, आईही हसली. मी पण हसणार, तेवढ्यात जीभ दाढेच्या खड्ड्यात गेली.

"ती हिची," मी म्हणालो. "मग माझी कुठेय?"

"तुमची कसली—" विहीणबाई म्हणाल्या.

कट्!

हा आवाज बदामाचा नव्हता. माल तपासणाऱ्या माणसाला तेवढं कळतं. बाईंनी सावकाश रुमाल तोंडाशी नेला, आणि उघडून समोर धरला. त्यात पांढरे असे दोन तुकडे होते.

"ही तुमची," त्या म्हणाल्या.

"आणि हा तुकडा?" लेकीने घाबरत विचारलं.

"हा माझ्या दाढेचा."

मी मनातल्या मनात लेकीची माफी मागितली. विहीणबाईंनी रुमालाची घडी घातली, माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी खरोखर डोळ्यांकडे बघितलं.

"ट्रफल मात्र उत्तम झाले होते," त्या म्हणाल्या. "लग्न पक्कं समजा. पण जेवणाच्या बेतात तुम्ही लक्ष घालायचं नाही."

सोमवारी आम्ही तिघं गल्लीच्या कोपऱ्यावरच्या त्या डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो. मी, बायको आणि विहीणबाई. स्वतःच्या तोंडात स्वतःच कसा हात घालणार, म्हणून त्याही आमच्याबरोबर आल्या होत्या. आतून घूंऽऽ आवाज आला. बायकोने माझा हात पकडला. तिचा दुसरा हात कोणीतरी आधीच पकडला होता. बघतो तर विहीणबाई! घामाने डबडबलेल्या.

"मला दुसऱ्यांचे दात चालतात हो," त्या कुजबुजल्या. "स्वतःचे नाही."

दार उघडलं. "पहिलं कोण?" मदतनीस मुलीने विचारलं.

मी झटकन उठलो, कमरेत वाकलो आणि हात दाराकडे केला. "छे छे, आम्ही मुलीकडचे! मान आधी वरपक्षाचा!"

विहीणबाईंनी बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"या लग्नात," त्या म्हणाल्या, "आम्हाला मानपान नको!"