तेरची ओहोटी

तेरला समुद्र नाही. तेरणा नदी आहे, तीही उन्हाळ्यात नुसती नावाला. पण आमच्या शेजारचा गौतम ओहोटी बघून जेवतो.

एसटीत ड्रायव्हर होता. जन्मभर डेपोच्या वेळापत्रकावर गाडी हाकली, आता समुद्राच्या वेळापत्रकावर भाकरी खातो. ओहोटी रोज थोडी पुढं सरकते, तसं याचं जेवणही सरकतं. आज न्याहारीच्या वक्ताला जेवला, तर आठवड्यानं दिवस कलल्यावर. बायको असती तर हे चालू दिलं नसतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

त्याची एकुलती एक पोरगी, प्रज्ञा, रत्नागिरीकडं असते. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत जे पाणी मागं राहतं, त्यातल्या गोगलगाईंचा ती अभ्यास करते. त्याचा पगार मिळतो म्हणे! खडकावर गेली की बापाला फोन लावून गोगलगाई दाखवते. हा फोन तांब्याला टेकवतो आणि जेवायला बसतो.

मग ते सगळं मला ऐकावं लागतं.

"आक्का, हिच्या पाठीवर शंख न्हाय. उघडीच फिरती."

"मग कुणी खात न्हाय व्हय तिला?"

"कसं खातील? हीच डंख मारणाऱ्या जिवांना खाती अन् त्यांचाच डंख पाठीवर ठिवती. दुसरी एक तर शेवाळाचा हिरवा रंग अंगात घेऊन उन्हावर जगती."

"तुझ्यापरीस बरी. तुला माझी भाकरी लागती."

"हसा! ह्या नसल्या तर शेवाळ अन् स्पंज सगळा खडक गिळतील. दुसऱ्या जिवाला जागा उरणार न्हाय. चला, भरती लागली, आक्का!"

बोलणं संपवायचं असलं की याची भरती लागते.

यंदा पावसात समुद्र खवळला, खडकावरचं काम थांबलं. प्रज्ञा दोन दिवस घरी येणार होती. गौतमनं गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण घासली, दगड मांडले, पाणी भरलं आणि त्यात पुडेच्या पुडे मीठ ओतलं. मग सोयाबीनच्या रानातनं बादलीभर गोगलगाई आणल्या. आमच्याकडं त्या मिठाच्या पाण्यात टाकून मारतात. यानं जगवायला टाकल्या!

"अरे येड्या, मरतील की!"

"भावकीच हाय, आक्का. सवय लागंल."

सकाळी डोणीत सगळा फेस. पोरगी आली, वाकून बघितलं आणि पोट धरून हसली. हा लहान पोरासारखा खाली मान घालून उभा.

ती हातपाय धुवायला आत गेल्यावर मी विचारलं, "कशाला केला हा उद्योग?"

"हितंच खळगा असला तर वाटलं, चार दिस जास्त ऱ्हाईल."

न्हाणीत तांब्या वाजायचा थांबला.

प्रज्ञा दोन दिवसांची आठवडाभर राहिली. बापलेकीनं मिळून डोण धुतली, तेरणेचं पाणी भरलं, नदीतलंच शेवाळ आणि नदीतल्याच गोगलगाई सोडल्या. त्या आठवड्यात गौतम माणसासारखा दुपारी जेवला. ओहोटीची चौकशी केली नाही.

आता पाऊस ओसरलाय. पोरगी परत खडकावर जाते, फोन लावते. पण आता फोन डोणीकडं धरलेला असतो. तिकडून ती विचारते, इकडून हा दाखवतो.

"गौतमा, भाकरी गार झाली!"

"थांबा, आक्का. तिकडं भरतीला टाइम हाय अजून."