ओळंब्यात आणलेली तिरपी अक्षरं

"बोर्ड लागू दे, मग बघ! अख्खा रस्ता मान वर करून उभा राहील!"

अक्षरकार हे सकाळपासून सातव्यांदा बायकोला सांगत होता. पण त्याला माफ करायला हवं. तीन वर्षं खपून त्याने एक इटॅलिक टाइप काढला होता. प्रत्येक अक्षर उजवीकडे किंचित कललेलं, टोकांना नाजूक पाय. उभी अक्षरं नुसती ढकलून वाकवलेली नव्हती हं! एकेक वळण वेगळं काढलेलं. एका अक्षराच्या शेपटीपायी तर गृहस्थ पंधरा दिवस जेवताना बोलला नव्हता. "पुस्तकात उभ्या अक्षरांच्या गर्दीत एखादा शब्द तिरपा आला ना, की कोणीतरी कानात हळूच सांगितल्यासारखा वाटतो," असं तो पोस्टमनलासुद्धा थांबवून समजावत असे.

तीच अक्षरं आता पहिल्यांदा जगासमोर येणार होती. बायकोने स्वतःचं चष्म्याचं दुकान काढलं होतं. उद्घाटन संध्याकाळी पाचला, आणि बोर्ड अर्थातच नवऱ्याचा! पण अक्षरकाराची खरी इच्छा वेगळीच होती. सासऱ्यांनी एकदा, फक्त एकदा, "छान" म्हणावं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी सासरे लोकांना सांगायचे, "जावई? घरीच असतात. काहीतरी गिरवतात."

सासरे निवृत्त गवंडी. चाळीस वर्षं ओळंबा सोडून भिंती उभ्या केल्या. दोरीला बांधलेलं ते वजन अजून त्यांच्या खिशात असायचं. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे आणि मग पाणी प्यायचे.

"बोर्ड मी बसवतो," ते म्हणाले. "तुम्ही छापखान्यातून कार्डं घेऊन या."

अक्षरकार तासाभराने परतला तर काय! रस्ता खरोखरच मान वर करून उभा होता. वर करून आणि थोडी वाकडीही करून. बोर्डाचं डावं टोक खाली, उजवं टोक वर. दुकानाचं नाव धापा टाकत घाट चढत होतं!

"बाबा! हे काय केलंत?"

"सरळ केलं!" सासरे शिडीवरून उतरत म्हणाले. "अहो, पडत होती तुमची अक्षरं. एकूण एक! ओळंबा लावून पाहिला, एक जागेवर असेल तर शपथ. म्हणून बोर्डच फिरवला. आता बघा!"

त्यांनी दोरी सोडून दाखवली. पहिलं अक्षर ओळंब्यात. शेवटचंही ओळंब्यात. तीन वर्षं मोजूनमापून दिलेला कल सासऱ्यांनी वीस मिनिटांत काढून टाकला होता.

"पण ती तिरपीच असतात, बाबा! मुद्दाम!"

"मुद्दाम चुकतं का कोणी?"

"काढा तो! आत्ताच्या आत्ता!"

"बोल्टांना सिमेंट भरलंय. तीन दिवस हात लावायचा नाही." सासऱ्यांनी एक डोळा मिटून वर पाहिलं. "आता खालचं कापडी छत वाकडं दिसतंय. थांबा, तेही घेतो करून."

बघता बघता छतही चढणीला लागलं. मग त्याखालचा दिवा. बायको बाहेर आली, वर बघून मटकन पायरीवर बसली. अक्षरकाराला वाटलं, संपलं. दुकानही गेलं आणि तीन वर्षंही गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

पाच वाजता पहिल्या आजीबाई आल्या. "अगं, मला हा बोर्ड चढ चढताना दिसतोय. डोळे गेले का गं माझे?"

"नाही हो आजी, तो वाकडाच आहे. आमच्या बाबांनी बसवलाय."

"माझ्या समाधानासाठी नको बोलूस. तपास आधी!"

मागोमाग एक शिक्षक. मग एक बसड्रायव्हर, घामाघूम होऊन. "सकाळपर्यंत नीट दिसत होतं हो मला!" बायको प्रत्येकाला खरं तेच सांगत होती, पण विश्वास कोण ठेवणार? रांग कोपऱ्यापर्यंत गेली. आणि गंमत म्हणजे निम्म्यांना खरंच नंबर निघाला! आजीबाईंना तर चांगला जाड चष्मा लागला. दोन दिवसांनी त्या तो घालून ऐटीत बाहेर पडल्या, बोर्डाकडे पाहिलं आणि तशाच परत आत गेल्या. "अजून चढतोच आहे!"

चौथ्या दिवशी सिमेंट पक्कं झालं. अक्षरकार पाना घेऊन शिडीवर चढायला लागला.

"त्याला हात लावलास तर बघ!" आतून बायकोचा आवाज आला.

तेवढ्यात समोरचा केशकर्तनवाला आला. अक्षरकाराला ओलांडून थेट सासऱ्यांपाशी! "काका, आमचा बोर्ड पण असाच करून द्या. अक्षरं आहेत आमची, जुनी, उभी. ती चालतील. फक्त बसवायला तुम्ही या."

अक्षरकाराचं तोंड एवढंसं झालं.

सासऱ्यांनी समोरच्या बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "छे! उभ्या अक्षरांचं हे काम नाही. बोर्ड चढवला की ती मागे कोसळतील. याला आमच्या जावयांचीच अक्षरं लागतात. छान काढतात ते!"

छान! आठ वर्षांनी! अक्षरकाराचे डोळे भरून आले. शिडीवरून उडी मारायचाच बाकी होता तो.

"असं होय," केशकर्तनवाला म्हणाला. "जावई करतात काय तसे?"

"माझ्याच हाताखाली असतात," सासरे अभिमानाने म्हणाले. "शिकतील हळूहळू!"