चाहूल हवेतून येते

जळगावात आमच्या शेजारच्या रामदासनानांसमोर कुणी नुसतं “धुळ्याला चाललोय” म्हटलं, की ते घड्याळ बघतात आणि न विचारता सांगतात, “सडकेनं नव्वदच्या वर किलोमीटर, दोन तास. हवेतून त्र्याऐंशी, वीस मिनिटं.” मग दिलासा देतात, की धुळ्याला प्रवाशांचं विमान उतरत नाही, तेव्हा बसनंच गेलेलं बरं.

नानांनी उभी नोकरी जळगाव-धुळे बस चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर बस सुटली, रस्ता काही डोक्यातून सुटला नाही. ओट्यावर खुर्ची टाकून ते गल्लीतल्या प्रत्येकाचा प्रवास स्वतःच करायचे. माझी नणंद धुळ्याहून निघाली, की भिंतीवरून मला कळवायचे, “पारोळ्याला उतरली. रस पितेय उसाचा.” आल्यावर तिला विचारावं, तर खरंच प्यायलेली असायची. आधी आम्ही हसलो. नंतर नणंदेनं रस पिणं सोडलं. कुणीतरी बघतंय असं वाटतं, म्हणाली.

हे कळतं कसं, असं मी एकदा विचारलं. “माणूस सडकेनं येतो,” नाना म्हणाले, “त्याची चाहूल हवेतून येते. ती आधी पोचते.”

माझा नवरा सुधीर धुळ्याला नोकरीला आहे. दर शनिवारी दुपारी तो मोटारसायकलवर घरी येतो. त्या शनिवारी त्यानं निघताना फोन केला होता. मी कणीक मळत होते, तर नाना थेट स्वयंपाकघराच्या दारात. एरवी ते आमचा उंबरा ओलांडत नसत. माझ्याशी कायम शुद्ध मराठीत बोलणारे नाना त्या दिवशी अहिराणीवर आले.

“सुधीर थांबी गया शे,” ते हळू म्हणाले. “मुकटी गावना पुढे. चाल, आपन जाऊत.”

मी फोन लावला. नुसता वाजत राहिला. पिठाच्या हातानंच मी भाड्याच्या गाडीत बसले. नाना पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. पारोळा मागे पडल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं, तसेच मिटलेले ठेवून, ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

रस्त्यावर काहीच नव्हतं. नाना खाली उतरून उंच कपाशीत शिरले. आत मोटारसायकल आडवी होती आणि तिच्याखाली सुधीरचा पाय. रस्त्यावरून ते कुणालाच दिसलं नसतं. सुधीर शुद्धीवर होता. आम्हाला बघून त्याला नवल वाटलं नाही.

“नाना, मघापासून वरून हाका मारताय,” तो म्हणाला, “मग खाली यायला इतका वेळ का लावलात?”

नानांनी ड्रायव्हरला हाक मारली. दोघांनी मिळून मोटारसायकल उचलली.

दवाखान्यात पायाला प्लास्टर होईपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. मी पुन्हा विचारलं, खरं सांगा, कसं कळलं?

“माले बी माहीत नई, बेटा. मन्हा घर येनारं कोनी नई. मंग मी दुसरानी वाट देखस.”

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली. पेशंटचे तुम्ही कोण, असं तिनं नानांना विचारलं. सगळे हिशोब तोंडपाठ असणारे नाना गोंधळून माझ्याकडे बघू लागले.

“वडील,” मी म्हटलं, आणि सहीसाठी पेन त्यांच्या हातात दिलं.