नोंदणीकृत पालकाची सही

ज्या शाळेत नियम नसतात, तिथे मुलं नुसतीच शिकतात. आमच्या विभागातल्या सरकारी शाळांवर ही वेळ येऊ नये म्हणून शिक्षण कार्यालयाने ‘विद्यार्थी : हक्क, कर्तव्ये व कार्यपद्धती’ ही चौऱ्याऐंशी पानांची पुस्तिका काढली आहे. तीत हक्क चार पानांत आटोपलेत. उरलेल्या ऐंशी पानांत ते मागायचे कसे, हे दिलं आहे.

मी कुलपं दुरुस्त करतो. शाळेचं सगळं बायको बघायची. ती गेली, मुलगी नऊ दिवस शाळेत गेली नाही, आणि पुस्तिका मला उघडावी लागली. वाचून कार्यालयाबद्दलचा आदर वाढला.

कलम एकतीसप्रमाणे, घरात मृत्यू झाल्यास विद्यार्थ्याला दहा दिवस रजेचा हक्क आहे. हक्क बिनशर्त आहे. अटी तीनच : अर्ज सात दिवस आधी करावा, कारण सविस्तर लिहू नये, आणि खाली नोंदणीकृत पालकाची सही असावी. रजा मंजूर झाली नाही तर ते दिवस गैरहजेरीत जातात, आणि हजेरी कमी भरली की वार्षिक परीक्षेला बसता येत नाही. मुलगी सातवीत आहे. तिला दोन दिवस कमी पडत होते.

नोंदणीकृत पालक म्हणजे तिची आई.

शाळेतले कारकून माणूस म्हणून चांगले. त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली.

“वाईट झालं, दादा,” ते म्हणाले. “पण सही वहिनींचीच लागेल.”

“ती नाही ना आता.”

“मी कुठे नाही म्हणतोय? पालक म्हणून तुमचं नाव लावून घ्या. पान बावन्न.”

पान बावन्नवर पालक बदलण्याचा अर्ज आहे. त्यावर आधीच्या पालकाची संमती लागते. मी मृत्यूचा दाखला पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सांगितलं की दाखल्याच्या प्रतीवर नोंदणीकृत पालकाची सही हवी. (आवाज चढवला नाही, हे नमूद करतो.)

“मग मी जाऊ कुठे, साहेब?”

“तक्रार निवारण. पान साठ. तिथेही सही लागते, पण तिथल्या बाई फार प्रेमळ आहेत.”

गेल्या वर्षी कलम एकतीसखाली एकशे बारा अर्ज आले आणि शंभर टक्के निकाली निघाले, असं विभागाचा अहवाल सांगतो. मंजूर किती झाले, हे छापलेलं नाही. उगाच मुलांमध्ये तुलना होते.

मुलगी इतका वेळ दप्तर पाठीला लावून टेबलापाशी उभी होती.

“बाबा, दे इकडे,” ती म्हणाली.

तिने रजेच्या अर्जावर सात दिवस आधीची तारीख टाकली आणि खाली आईची सही केली. शेवटची रेघ आई ओढायची तशीच लांब ओढली. कारकुनांनी चष्मा लावला, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं काढली आणि एकेक सही ताडून पाहिली.

“हीच!” ते म्हणाले. “तंतोतंत. आधीच आणली असतीत, तर एवढा वेळ गेला नसता, दादा.”

सही जुळते का ते बघणं त्यांचं काम. ती कोण करतंय, हे बघण्याचं काम पुस्तिकेत कुणालाच दिलेलं नाही. कुलपाचंही असंच असतं. किल्ली बसली की ते हात बघत नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “कधी शिकलीस?”

“दोन वर्षं झाली. आईचा हात थरथरायचा. सगळ्या सह्या मीच करायचे. तुला सांगू नको म्हणाली होती. तू घाबरतोस म्हणे.”

रजा मंजूर झाली. मुलगी परीक्षेला बसेल. सरकारी दप्तरात आता अशी नोंद आहे की माझ्या बायकोने स्वतःच्या मृत्यूसाठी मुलीची रजा सात दिवस आधी मागितली. तशी ती कामाला चोखच होती.

मंजुरीपर्यंत हा अर्ज पाच टेबलांवरून फिरला. आईला काय झालं होतं, हे कुणीही मुलीला विचारलं नाही. अर्जात तसा रकाना नाही. तुम्हीही इथवर वाचत आलात आणि विचारलं नाहीत. तुमची कागदपत्रं पूर्ण आहेत. कार्यालयात कारकुनाची एक जागा रिकामी आहे, चौकशी करून बघा.