शेलार सरांची वाकडी मान

शेलार सरांना मान सरळ ठेवून जगाकडे बघताना मी क्वचितच पाहिलंय. समोर चहाचा कप असो की मुख्याध्यापिकाबाई, सर आधी मान डावीकडे कलती करतात, मग उजवीकडे. डोळ्यांवर काळा गॉगल. आमच्या नव्या शिपायाला वाटलं, सरांना मानेचा आजार आहे. त्यानं बिचाऱ्यानं घरून तेलाची बाटली आणून दिली. सरांनी ती ठेवूनही घेतली.

आजार मानेचा नव्हता, ध्रुवणाचा होता. लोणावळ्याच्या आमच्या शाळेत सर विज्ञान शिकवतात आणि मी मराठी. ध्रुवणाचा, म्हणजे पोलरायझेशनचा, धडा पुस्तकात नाही, पण सरांच्या वर्गात दरवर्षी होतो. घरून गुराचं दावं आणायचं, खिडकीच्या उभ्या गजांतून ओवायचं आणि हलवायचं. वरखाली हलवलं की लाट पलीकडे जाते, आडवं हलवलं की गजांवर आपटून तिथंच मरते. "उजेडाचंही असंच," सर म्हणतात. "पाण्यावरची चमक म्हणजे बहुतेक आडवा उजेड. माझा चष्मा तेवढा अडवतो. चमक गेली की पाण्याच्या पोटातलं दिसतं." मान वाकडी केली की चष्म्याचे गज वाकडे होतात आणि चमक परत येते. ते तपासायचा नाद लागला तो लागलाच.

भुशी धरणाच्या वाटेवरचे गॉगलवाले सरांना लांबून ओळखतात. सर त्यांच्या मालावर आपला गॉगल आडवा धरतात. अंधार झाला तर माल खरा, नाहीतर नुसती काळी काच. निकाल गिऱ्हाइकासमोरच देतात. "सर, तुमी धंद्याच्या टायमाला नका येत जाऊ," असं म्हणून एकानं हात जोडले होते.

प्रात्यक्षिकाला ते बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यांवरून सोललेल्या, गॉगलसारखंच काम करणाऱ्या पट्ट्या वाटतात आणि बजावतात, "दिसलं तेच लिहा." पट्टी फिरवायच्या आधीच 'अंधार झाला' लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात. एका मुलीनं लिहिलं, 'पुढे उंच मुलगा असल्याने काही दिसले नाही.' तिला पूर्ण गुण मिळाले.

या नादाचं मूळ मला कळलं ते त्यांच्या आईमुळे. आंदर मावळातलं त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा सर शाळकरी होते. घराची दारं, वासे, कौलं सगळं आणलं. दारातली दगडी पायरी तेवढी निघाली नाही. ती वडिलांनी स्वतः घडवलेली. वडील लवकर गेले, त्यांचा एक फोटोही नाही. वलवणच्या नव्या घरात म्हातारीचं एकच टुमणं असायचं, "तुज्या बाच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय. डोळं मिटायच्या आदी एकदा दाव रं."

पण ऐन उन्हाळ्यातही पायरीवर पुरुषभर पाणी असतं. सरांनी हिशेब मांडला की चमक काढली तर काठावरच्या खडकावरून ती दिसायला हवी.

एका मे महिन्यात आम्ही म्हातारीला जीपमधून नेलं. त्या खडकावर, वठलेल्या चिंचेच्या खोडाशी खुर्ची मांडली. सरांनी तिच्या चष्म्यावरच आपला गॉगल चढवला. "आई, मान जरा वाकडी कर. आता थोडी सरळ." म्हातारी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय, दिसली. कडंला तुज्या बाच्या छिन्नीचा घाव बी दिसतुया."

सर पलीकडे तोंड करून डोळे पुसत होते. माझ्या खिशात सरांनीच दिलेली एक पट्टी होती. मी ती डोळ्याला लावून पाहिलं. चमक गेली होती, आणि खाली नुसता हिरवट गाळ होता. मी पट्टी खिशात टाकली. सरांनी गॉगल मागितला तर म्हातारी देईना. "ऱ्हाऊ दे, गार वाटतंय," म्हणाली आणि घरापर्यंत तो तिनं घालून ठेवला.

त्याच पावसाळ्यात ती गेली.

यंदा सर मला पुन्हा तिथं घेऊन गेले. चिंचेच्या खोडाशी उभे राहून त्यांनी गॉगल लावला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. कितीतरी वेळ झाला. मला त्यांच्याकडे बघवेना.

"गाळ आहे," ते शेवटी म्हणाले. "गाळापुढं चष्म्याचं काही चालत नाही. त्या दिवशीही असणारच." मग गॉगल काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "तुम्ही बघा. दिसतंय का काही?"

मी गॉगल लावला. मान वाकडी केली. खाली हिरवट गाळ होता.

"दिसतेय, सर," मी म्हणालो. "पायरी आहे."

"आणि घाव?"

"कडेला. घावही दिसतोय."

सर माझ्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं गुण कापणाऱ्या त्या माणसानं माझे कापले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला, गॉगल घेतला आणि डोळ्यांवर चढवला. जीपमध्ये बसलो, वलवण आलं, अंधारही पडला होता. गॉगल त्यांनी काढला नाही.