समाधान न होणारे शिरसाठ साहेब

शिरसाठ साहेबांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, सह्या राहतात. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर ते राहतात, आणि मी गेली नऊ वर्षं त्यांच्या लेखी 'आडनावाखाली दोन टिंबं देणारे' आहे. एकदा सोसायटीची नोटीस त्यांनी सेक्रेटरींना परत पाठवली. सही मागच्या महिन्यासारखी नव्हती. सेक्रेटरींच्या अंगठ्याला प्लास्टर होतं. ते साहेबांना दिसलं होतं. "दिसलं हो," ते म्हणाले, "पण माझं समाधान होत नाही."

हे गृहस्थ नाशिकरोडच्या एका बँकेत अधिकारी आहेत, आणि माझ्या वंदना मावशीचं खातं दुर्दैवाने त्याच शाखेत आहे.

मावशी सायखेड्याची. लग्नाआधी, पिंपळगावला असताना, तिच्या वडिलांनी तिच्या नावावर थोडे शेअर घेतले होते. आता तिला ते नातीच्या नावावर करायचे होते. पण शेअर होते सिंधू काशिनाथ बोरस्ते हिचे. वंदना म्हणजेच सिंधू, हे प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्र झालं. राहिलं एवढंच, की मावशीने बँकेच्या अधिकाऱ्यासमोर दोन्ही नावांच्या सह्या करायच्या आणि त्याने त्या खऱ्या असल्याचा शिक्का मारायचा.

"नाव बदललं कोणी?" साहेबांनी भिंग पुसत विचारलं.

"नवऱ्यानं. ताटातल्या तांदळात लिहिलं. सगळ्यांचंच लिहितात."

"कोणत्या अधिकारात? तुमची लेखी संमती?"

"मला कोण विचारतंय? त्या दिवशी सिंधू मेली."

"असं कुठे लिहून देऊ नका," साहेब घाईने म्हणाले. "वारस लागतील."

मग सिंधूची सही. पन्नास वर्षांत मावशीने ती केली नव्हती. 'सिं' लिहून हात थांबायचा आणि पुढे आपोआप 'वंदना' उमटायचं. जमली तेव्हा ती शेअरच्या जुन्या अर्जावरच्या सहीसारखी नव्हती. अर्जाच्या झेरॉक्सवर 'धू'चा उकार लांब शेपटीसारखा होता.

"समाधान होत नाही."

सायखेड्याहून तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला. साहेब शांतपणे म्हणाले, "चिडल्यावर तुमचीही सही बदलत असणार, तेव्हा आज कशावर करू नका." परतताना मावशीने एसटीत खिडकीची जागा धरली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरीला दुसरं काही देईन. बापानं दिलेलं एवढंच होतं माझं, म्हणून लय वाटत होतं."

मीच तिला चौथ्यांदा आणलं. या वेळी साहेबांनी भिंग बाजूला ठेवलं, झेरॉक्स पालथी घातली.

"सही आठवू नका. वडील हाक कशी मारायचे?"

"सिंधे."

"कुठून?"

"मळ्यातून. जेवण घेऊन जायची ना मी." मावशी हसली, आणि हसता हसता लिहून गेली. शेपटीसकट.

साहेबांनी ती सही बराच वेळ पाहिली. मग शिक्का मारला, खाली स्वतःची सही केली, कागद माझ्याकडे सरकवले. मी उठलो. या माणसाच्या समोर एक मिनिटही जास्त बसायची माझी इच्छा नव्हती.

"आमच्या हिचं नाव मीही बदललं होतं," ते मावशीला म्हणाले. "शेवटच्या आजारात दवाखान्याच्या फॉर्मवर तिने माहेरचं नाव लिहून सही केली. मी खोडायला लावली. कागदपत्रांशी जुळत नव्हती."

मी परत बसलो. साहेब एकटे राहतात हे मला माहीत होतं. त्यापलीकडे नऊ वर्षांत मी काही विचारलं नव्हतं.

"काय नाव होतं हो त्यांचं?" मावशीने विचारलं.

"यमुना." मग त्यांनी तिच्या वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"यमुना विठ्ठल गांगुर्डे," मावशी सावकाश म्हणाली.

साहेबांनी मान हलवली, बरोबर आहे अशी.