दानियल पेंटरांच्या चिठ्ठ्या

दानियल पेंटर नमस्काराच्या आधी डबा पुढे करतात. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्यांच्या हाताने लिहिलेलं शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन. "काढा, काढा. तुमच्याच नावाची आहे." समोर कोण आहे हे ते बघत नाहीत. रिक्षावाला, गॅसची टाकी आणणारा, लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना तेच. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, तर यांनी तशाच उघड्या अंगाने पिशवीतून डबा काढला. डॉक्टर म्हणाले, श्वास घ्या. हे म्हणाले, आधी तुम्ही चिठ्ठी घ्या.

आमची भाजीवाली हिंदू, तिला अक्षर येत नाही. तरी ती दर आठवड्याला एक चिठ्ठी काढते आणि घरी देवीच्या फोटोमागे खोचते. मी मात्र कधीच काढली नाही. आमच्या भिंतीला त्यांची भिंत, एकाच चर्चच्या मंडळीतले आम्ही, तरी नाही. मी त्यांना सांगितलं होतं, देवाला मला काही सांगायचं असेल तर तो सांगेल, पत्र्याच्या डब्यातून कशाला सांगेल. त्यावर म्हणाले, "डब्यात साप नाही, शांताबाई."

हा माणूस बसच्या डेपोत गावांच्या पाट्या रंगवायचा. सुरगाणा, पेठ, विंचूर. मी चौथी शिकलेली, पण त्यांची पाटी मला रस्त्याच्या पलीकडून वाचता यायची. त्यांचं एकच म्हणणं, पाटी चुकली तर माणूस भलत्या गावाला पोचतो. रिटायर झाले तरी ब्रश सुटला नाही. मिठाईच्या दुकानासमोर उभे राहून मालकाला सांगणार, तुमची वेलांटी पडायला आली आहे. एकदा पाळकसाहेब तारणावर, म्हणजे आत्म्याच्या उद्धारावर, उपदेश करत होते. त्यांच्या मागच्या फळ्यावर 'तारण' लिहिलेलं, आणि त्यातला काना पुसट झालेला. पेंटर पहिल्या बाकावरून उठले, खिशातून ब्रश काढला, काना भरला आणि जागेवर येऊन बसले. पाळकसाहेबांना पुढचं वाक्य आठवेना. मला इतका संताप आला की प्रार्थनेत डोळे मिटवेनात.

पण खरा संताप या नव्या वर्षाचा.

आमच्यात वर्षाच्या पहिल्या दिवशी उपासना झाली की प्रत्येकाने टोपलीतून एक वचन काढायचं. ते त्या माणसाचं वर्षाचं वचन. कोणी ते देवघराच्या जागी लावतं, कोणी पाकिटात ठेवतं, वर्षभर त्याचा आधार धरतं. गेली बरीच वर्षं चिठ्ठ्या पाळकीणबाई लिहायच्या. त्यांची बदली झाली, म्हणून चर्चच्या पंचकमिटीने हे काम पेंटरांना दिलं. दीडशे चिठ्ठ्या.

चहा-केक घेत आम्ही अंगणात जमलो. आधी कमिटीच्या सेक्रेटरींनी आपली चिठ्ठी वाचली. देव म्हणतो, मी तुला तुझं नाव घेऊन बोलावलं आहे, तू माझा आहेस. सगळे आमेन म्हणाले. मग त्यांच्या बायकोने वाचली, तेच निघालं. लोक म्हणाले, नवरा-बायको एक, असेल. मग पेटीवाल्याने वाचली, तेच. पाचव्या चिठ्ठीला आमेन म्हणायला कोणी उरलं नाही. नळापाशी फिलिप उभा होता. हा फिलिप उपासनेला पिऊन येतो आणि सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गातो. त्याने चिठ्ठी वाचली आणि तो ढसाढसा रडायला लागला. माझं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, असं नळालाच सांगत होता. मी माझी चिठ्ठी अक्षर लावून वाचली. तीच.

बावीस वर्षं चर्चची फरशी मी झाडते. कोणी सांगितलेलं नाही, झाडते. त्याच फरशीवर फिलिप एकदा ओकला, तेही मीच पुसलं. आणि मला जे वचन तेच त्याला? मग मी झाडलं कशासाठी?

सेक्रेटरींनी तक्रार लिहिली. पहिली सही माझी. आरोप काय, तर आळस. एकच वाक्य दीडशे वेळा लिहिणारा आळशी कसा, हे कोणी विचारलं नाही. रविवारी मीटिंग ठरली, पेंटरांकडून चिठ्ठ्यांचं काम काढून घ्यायचं. मला मात्र तेवढा धीर नव्हता. शनिवारी दुपारी मी एकटीच जाब विचारायला गेले.

पेंटर टेबलाशी बसून चिठ्ठ्याच लिहीत होते. डब्यातल्याही पाहिल्या. सगळ्या तशाच. इतकी वर्षं अख्ख्या नाशिकला हा माणूस एकच वचन वाटत होता आणि कोणी दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी म्हटलं, लाज नाही वाटत? देवाच्या शास्त्रात एवढंच आहे का?

त्यांनी ब्रश पुसला. "शांताबाई, सुमती गेली त्या वर्षीच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या."

सुमती त्यांची बायको. तिला जाऊन अठरा वर्षं झाली, पोटाच्या दुखण्याने गेली. पेंटर खिडकीकडे तोंड करून सांगत राहिले. तेव्हा त्यांचा नियम असा की शास्त्र खरं आहे तर त्यातलं सगळं लिहायचं, गोड तेवढं निवडायचं नाही. म्हणून दहा कुमारींच्या गोष्टीतलं वचनही त्यांनी लिहिलं. दिव्यातलं तेल संपलं म्हणून पाच जणी उशिरा येतात, दार लागलेलं असतं, आणि आतून नवरदेव म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही. दीडशे चिठ्ठ्यांतून सुमतीच्या हाताला तीच लागली. ती आधीच आजारी. घरी येऊन तिने ती उशीखाली ठेवली.

पेंटरांनी समजावलं. पाळकसाहेब तीनदा येऊन समजावून गेले. शेवटी पेंटरांनी दुसरं, चांगलं वचन लिहून तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, हे तुम्ही निवडलं, ते आपोआप आलं.

"म्हणायची, अक्षर तुमचं आहे. तुम्ही जन्मात चुकीची पाटी लिहिली नाही."

चार महिने ती जगली. मी रोज तिच्यासाठी नागलीची पेज घेऊन जायचे. तिच्या उशीखाली काय आहे हे मला कधी दिसलं नाही.

"तिच्या तारणाची मला शंका नाही," पेंटर म्हणाले. "देवाने तिला दारात उभं केलं नसेल, नाव घेऊन आत नेलं असेल. पण इथले चार महिने ती दाराबाहेर होती. आणि दार मी लावलं होतं."

मला रडायची सवय नाही. मी त्यांच्यावर ओरडले. अठरा वर्षं हे पोटात ठेवून आम्हाला डबा कसला दाखवत होता, तोंड नव्हतं का, असं बरंच बोलले. मग त्यांनी पुढचा कागद ओढला आणि लिहायला लागले.

रविवारी मी सेक्रेटरींना म्हटलं, माझी सही खोडा. ते म्हणाले, कारण लेखी द्या. मी म्हटलं, सही माझी, कारण माझं, तुम्ही खोडा. खोडली. पण खाली आणखी नऊ सह्या होत्या. पेंटरांचं काम गेलं. ठरलं असं की पुढच्या रविवारी सगळ्यांनी नवं वचन काढायचं. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मवर्गाच्या, मुलांच्या पाठांतरासाठी छापून आणलेली कार्डं कपाटात पडून होती, ती वापरायची. शास्त्राच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची वचनं, प्रत्येकाला वेगळं. लोक खूश झाले.

पेंटर एवढंच म्हणाले, कार्डं मला एकदा बघू द्या. सेक्रेटरी म्हणाले, छापील आहेत, त्यात काय बघायचं? मी म्हटलं, छापणाऱ्याला तुमच्या घरात कोण आजारी आहे ते माहीत आहे का? किल्ली द्या.

शुक्रवारी दुपारी चर्चच्या बाजूच्या खोलीत आम्ही दोघं बसलो. अर्धा गठ्ठा त्यांच्यापुढे, अर्धा माझ्यापुढे. ते चष्मा कपाळावर सरकवून कार्ड नाकाशी धरायचे, वाचायचे आणि "चालेल" म्हणून बाजूला ठेवायचे. मी अक्षर लावत वाचणारी. त्यांची वीस होईपर्यंत माझी पाच. या वयात मला हे काम कोणी सांगितलं, म्हणून मी स्वतःवरच चिडले होते.

चहा येऊन गेला, आणि ते माझ्या गठ्ठ्यात निघालं. लाल किनार, कोपऱ्यात गुलाबाचं चित्र, आणि मधोमध दहा कुमारींच्या गोष्टीतलं ते लागलेलं दार. मी पुन्हा वाचलं, माझंच चुकत असेल म्हणून. चुकत नव्हतं.

पेंटर खाली मान घालून वाचत होते. मी कार्ड दुमडलं आणि कमरेला खोचलं.

"काही निघालं का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "वाचा पुढचं. मला घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या आहेत."